मधे उतरायचं न्हाय

सकाळचे साडेआठ वाजले होते. दुकानाचं शटर अर्ध्यावर जाऊन नेहमीच्या जागी अडकलं होतं आणि मी त्याला खांदा लावून ढकलत होतो. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. सोलापूरच्या दवाखान्यातून सविताचा फोन होता, नानांच्या मुलीचा. "काका, नाना गेले... आत्ताच." एवढंच बोलली. तिचा आवाज कोरडा होता, रडून झालं असावं. मी शटर तसंच अर्ध्यावर सोडलं, वाकून आत गेलो आणि बाकावर बसलो. हा बाक मी गिऱ्हाइकांसाठी केला होता, पण गेली तीन वर्षं त्यावर गिऱ्हाइकं कमी आणि नाना जास्त बसत. माझ्या डोक्यावर त्यांच्या घंटीची दोरी लोंबत होती. तिला हात लावायचा धीर झाला नाही.

दुपारनंतर नानांच्या घरी माणसं जमली. अशा वेळी बोलायच्या ठरलेल्या गोष्टी असतात. "सुटले बिचारे." "लई हाल झाले." "वय झालंच होतं की." आणि मागच्या बाजूनं कुणीतरी हळूच, "बिड्या असणार. एसटीतली माणसं ती." मी तिथं भांडलो. मयताच्या घरी भांडू नये हे मला कळतं. पण नानांनी उभ्या आयुष्यात एक बिडी ओढली नाही आणि सुटायची त्यांना अजिबात घाई नव्हती. ते गेले, कारण त्यांच्या फुप्फुसातल्या जंतूंना जवळपास एकही औषध लागू पडेना. आणि का पडेना, तर त्यात माझाही हात आहे. हे मी मोठ्यानं बोललो तेव्हा सगळे माझ्याकडं बघत राहिले. बायकोनं मागून माझा शर्ट ओढला. त्याला आता सव्वा महिना झाला, आणि जे त्या दिवशी ओरडून सांगितलं तेच आज शांतपणे लिहायला बसलोय. शांतपणे जमेल असं वाटत नाही, पण नानांनी सांगितलेलं काम आहे, टाळता येणार नाही.

फार्मसीची पदविका घेऊन मी परंड्यात स्टँडजवळ मेडिकल टाकलं तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. माल बार्शीहून यायचा. तिथला ठोक व्यापारी खोकी बांधून दुपारच्या गाडीत ठेवायचा आणि त्या गाडीवर कंडक्टर असायचे विश्वनाथ नाना. उंच, काटकुळे, खाकी कपड्यांना कडक इस्त्री, आणि आवाज असा की शेवटच्या बाकावर झोपलेला माणूस दचकून तिकिटासाठी हात पुढं करायचा. गाडी स्टँडात शिरली की ते खिडकीतूनच ओरडायचे, "ए मेडिकल! ये लवकर, तुझे पाव्हणे आलेत!" पाव्हणे म्हणजे माझी खोकी. खोकं खाली देण्याआधी ते कानाशी धरून हलवून बघत. "बाटली फुटल्याली न्हाय बग. डायव्हरला समदे खड्डे चुकवाय लावले." बार्शी-परंडा रस्त्यावरचे समदे खड्डे चुकवायचे म्हणजे गाडी शेतातूनच न्यावी लागली असती, पण माझ्या नव्या दुकानाची ते एवढी काळजी करतात याचंच मला अप्रूप होतं.

नानांच्या चामडी पिशवीला एक मागचा कप्पा होता. त्यात गोळ्या असायच्या. गाडीत कुणी कण्हताना दिसलं, बाईच्या मांडीवर तापलेलं लेकरू दिसलं, कारखान्याकडं निघालेल्या ऊसतोड टोळीत कुणी खोकताना दिसलं की नाना तो कप्पा उघडत. "ही लाल-पिवळी घे. आता एक, सांजच्याला एक, उद्या सकाळी एक. खलास!" तिकीट फाडावं तितक्या सहज गोळी हातात पडायची. दवाखाना लांब, दिवस मोडणं परवडत नाही, आणि इथं तर चालत्या गाडीत औषध मिळतंय. लोक दुवा द्यायचे. नाना कंडक्टरच्या हाताला गुण आहे असं चार गावांत बोललं जायचं, आणि ते ऐकून नानांची मान जरा ताठ व्हायची. त्या गोळ्या ते माझ्याकडून न्यायचे. मी पाकिटातून कात्रीनं कापून द्यायचो, कधी दोन, कधी चार. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करायचे, हे सगळं मी परीक्षेत लिहून पास झालो होतो. पण दुकानाच्या पायरीवर उभा असलेला माणूस "दोनच दे रं" म्हणाला की परीक्षा कुठल्या कुठं जाते. सगळेच देतात, मी नाही दिली तर समोरचा देईल. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की ते मला खरंच वाटायला लागलं होतं.

नानांच्या स्वतःच्या छातीचं दुखणं जुनं होतं. नोकरी लागायच्या आधी त्यांना टीबी झाला होता. सगळा कोर्स घेऊन ते बरे झाले, पण डाव्या फुप्फुसातल्या नळ्या तेव्हाच्या जखमांनी ढिल्या पडल्या, रुंदावल्या आणि त्यांत कफ साचून राहायला लागला. या आजाराला ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात हे आम्हाला फार उशिरा कळलं. तोवर त्याचं नाव 'नानांचा खोकला' एवढंच होतं. दर थंडीत एकदा तरी ते दुकानात येऊन छातीवर तळवा ठेवत. "दिलीप, खळखळ आयकू येतीया का बग. दे चार गोळ्या." दोन दिवसांत उतार पडायचा. उतार पडला की गोळ्या बंद, आणि उरलेल्या मागच्या कप्प्यात. "बरं वाटल्यावर कशापायी खायच्या? दुसऱ्या कुणाला तरी व्हतील." ताटातलं टाकू नये असं शिकलेला तो माणूस होता. उरलेली गोळी टाकणं त्यांना अन्न टाकण्याइतकंच पाप वाटायचं. मला त्यात मोठेपणा दिसायचा. आज विचार करतो तेव्हा वाटतं, आमची दोघांची चूक तिथंच झाली. वाईटपणातून झाली असती तर निदान कुठंतरी टोचली असती.

मग लाल-पिवळी लागू पडेना. नाना म्हणाले, "ह्यातलं भारीतलं दे." मी दिलं. दोन-तीन हिवाळ्यांनी तेही चालेना, मग त्याच्याहून भारीतलं. दर वेळी दोन दिवस, तीन दिवस, आणि उरलेलं कप्प्यात. निवृत्तीनंतर पिशवी गेली, पण कप्पा गेला नाही. घरी फळीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा आला, त्यात सगळ्या गल्लीच्या उरलेल्या गोळ्या जमायला लागल्या. आणि नानांचा कफ हिरवा झाला. जिन्याच्या चार पायऱ्यांत दम लागायला लागला. खोकल्याची उबळ आली की सुमनकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, हातातलं काम टाकून त्यांच्या पाठीवर थापट्या मारत बसायच्या. शेवटी सविता वडलांवर चिडली आणि मी त्यांना सोलापूरला छातीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो.

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी फोटो काढायला लावले, कफ तपासायला पाठवला. चार-पाच दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा त्यांच्या टेबलावर एक कागद होता. डावीकडं औषधांची नावं, उजवीकडं एकेक इंग्रजी अक्षर. एस असेल तर ते औषध चालेल, आर असेल तर जंतू त्याला दाद देत नाही. नानांना इंग्रजी अक्षरं वाचता येत होती, आयुष्य गाड्यांचे नंबर लिहिण्यात गेलेलं. त्यांनी कागदावर बोट ठेवलं आणि वरून खाली नेलं. आर, आर, आर, आर... बोट तळाशी पोचलं तेव्हा तिथं दोनच एस होते, आणि ती दोन्ही औषधं शिरेतून द्यायची होती. डॉक्टर बाई म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या छातीतले जंतू ही औषधं ओळखायला शिकलेत." नानांनी मान वर केली. "शिकलेत? मग त्यांची शाळा घेतली कुणी?" बाईंनी सांगितलं की असं कुणा एकाचं नाव घेता येत नाही. अर्धवट घेतलेली औषधं, गरज नसताना घेतलेली औषधं, एकाच्या जंतूंनी दुसऱ्याकडं जाणं, असं सगळं मिळून होतं. नाना ऐकत होते, पण बघत माझ्याकडं होते. मी भिंतीवरच्या फुप्फुसांच्या चित्राकडं बघत बसलो.

परतीच्या गाडीत ते वैराग येईपर्यंत खिडकीला डोकं टेकून बसले होते, मला वाटलं डोळा लागला. मग एकदम म्हणाले, "आपल्या दोघांची शाळा व्हती ती, दिलीप. तू मास्तर, म्या शिपाई." मी म्हणालो, "नाना, बाई म्हणाल्या ना, एकाचं नाव घेता येत नाही म्हणून." "एकाचं न्हाय येत. दोघांचं घेऊ की." पुढच्या बाकावरच्या माणसानं वळून बघितलं. थोड्या वेळानं आवाज खाली आणून ते म्हणाले, "म्या गाडीत किती लेकरांच्या हातावर गोळी ठिवली असंल... त्यातलं येकादं आता असंच कागद घिऊन बसलं असंल का रं?"  

दुसरा कुणी असता तर खचला असता. नाना चिडले. दोन आठवडे दवाखान्यात राहून इंजेक्शनचा कोर्स पुरा करून आले. कफ पांढरा झाला, भूक लागायला लागली, आणि तिसऱ्या दिवशी ते काठी टेकत माझ्या दुकानात हजर. बरोबर भंगारवाल्याकडून आणलेली एक जुनी घंटी, दोरी आणि हातोडा. विचारलं नाही, सांगितलं नाही, माझ्याच स्टुलावर मलाच चढवून ती घंटी छताला ठोकून घेतली आणि दोरी बाकापर्यंत खाली सोडली. मग बाकावर ऐसपैस बसून म्हणाले, "एसटीचा कायदा तुला ठाव हाय. एक घंटी म्हंजे थांब. डबल म्हंजे चल. आजपासनं ह्या दुकानात बी त्योच कायदा." मी हसलो. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची हौस आहे, आठ दिवसांत उतरेल.

उतरली नाही. सकाळी दहा ते एक नाना बाकावर. एक जीपवाला आला, घसा धरला होता त्याचा. "त्या मोठ्या कॅप्सूल दे दोन." माझा हात कात्रीकडं गेला आणि डोक्यावर टिंग! जीपवाला वर बघायला लागला. नाना म्हणाले, "गाडी थांबलीया. चिठ्ठी कुठाय?" "आवो नाना, दोनच गोळ्या, त्याला काय चिठ्ठी?" "तुझ्या जीपमधी मी परंड्याचं तिकीट काढलं आन् तू मला भूमच्या वाटंवर मधीच उतरवलं तर चालंल का? तसंच हाय हे. औषध घ्यायचं तर डॉक्टरला इचारून घ्यायचं. आन् घेतलं की शेवटच्या स्टॉपपातुर जायचं. मधे उतरायचं न्हाय!" जीपवाला शिव्या देत गेला, पण गेला तो सरकारी दवाखान्यातच, कारण नाना खोकत खोकत त्याच्या जीपपर्यंत मागं गेले होते. डॉक्टरांनी त्याला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. कॅप्सूल लागतच नव्हती. दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम थांबून हे सांगून गेला, तेव्हा नानांनी त्याला डबल बेल दिली.

जो चिठ्ठी घेऊन यायचा आणि पूर्ण कोर्स न्यायचा त्याच्यासाठीही डबल. शिवाय नाना त्याचं नाव एका वहीत लिहून घ्यायचे. कंडक्टर मार्गपत्र भरतो तशीच ती वही होती. माणूस कुठं चढला, कुठं उतरणार. चढला म्हणजे पहिली गोळी, उतरणार म्हणजे शेवटची. मग रोज दुपारी फोन. "तिसरा दिवस हाय आज. घेतली का? बरं वाटाय लागलं? मग आता तर घ्यायचीच!" लोक वैतागायचे. एक बाई मला म्हणाली, "माजा सासरा बी येवढा मागं लागत न्हाय." पण गोळ्या संपवायची. घरचा तो पत्र्याचा डबा नानांनी एक दिवस आणून माझ्या काउंटरवर उपडा केला. "ह्याचं काय करायचं ते तू कर, पन कुणाच्या पोटात जाऊ दिऊ नको." एवढ्या रंगांच्या अर्धवट पाकिटांचा तो ढीग मी हातानं पसरून बघितला. प्रत्येक पाकिटाची कड कात्रीनं सरळ कापलेली होती, आणि त्यातल्या बहुतेक कडा माझ्या हातच्या होत्या.

आता माझं सांगतो. मी काही एका घंटीनं सुधारलो नाही. गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात जायला लागली. बायको रोज विचारायची, दुकान आपलं आहे की नानांचं? मी एक सोपी वाट काढली. नाना एक वाजता जेवायला गेले की मग कात्री काढायची. असं दोन-तीन महिने चाललं. शेवटी ढोकीच्या कारखान्यावर कामाला असलेला एक ओळखीचा माणूस सकाळीच दुकानात आला आणि नानांच्या देखत म्हणाला, "परवा दुपारी दिलेल्या त्या चार गोळ्यांनी फरक पडला बगा, अजून दोन द्या." नानांनी घंटी वाजवली नाही. उठले, काठी घेतली आणि गेले. आठ दिवस आले नाहीत. नवव्या दिवशी आले ते सोलापूरचा तो आर-आरचा कागद प्लास्टिकमध्ये बंद करून. माझ्या काउंटरच्या काचेवर, बरोबर कात्रीच्या वर, त्यांनी तो चिकटवला. खाली त्यांचं पूर्ण नाव दिसत होतं, वय दिसत होतं. मी म्हणालो, "नाना, आजार असा चव्हाट्यावर मांडू नका." ते म्हणाले, "तू काप. म्या न्हाई म्हणत न्हाय. पन ह्यो वाचून काप." आणि दम लागला म्हणून बाकावर बसले. मला त्यांचा भयंकर राग आला होता. माझ्याच दुकानात, माझ्याच गिऱ्हाइकांसमोर... तो राग किती दिवस टिकला ते आठवत नाही. पण त्यानंतर मी चिठ्ठीशिवाय एकही अँटिबायोटिक कापून दिलं नाही. कात्री आता फक्त खोक्यांच्या दोऱ्या कापते.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, "नाना, तुमच्या छातीतले जंतू आता काही ऐकायचे नाहीत. मग एवढी मरमर कशाला? आराम करा की." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं जसं तिकीट न काढलेल्या माणसाकडं बघायचे. "माजी गाडी फेल झालीया, कबूल. म्हणून रस्ता बी खोदून ठिवू व्हय? मागनं दुसऱ्या गाड्या येत्यात."

या थंडीत पुन्हा ताप चढला. पुन्हा सोलापूर, पुन्हा कफ, पुन्हा कागद. या वेळी खालच्या दोन एसपैकी एक आर झाला होता. उरलं ते एकच औषध, मूत्रपिंडाला त्रास देणारं, तेही रोज रक्त तपासून जपून द्यायचं. मी शेवटचा भेटलो तेव्हा दुपार होती. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, हाताला सुई, आणि डोळे मात्र गाडीत मोजणी करताना असायचे तसेच, सगळीकडं फिरणारे. काकू पायाशी बसल्या होत्या. नानांनी मास्क जरा वर उचलला, काकू रागावल्या तरी उचलला. "लोक म्हणत्याल, बिड्या वढून मेला. न्हाईतर म्हणत्याल, नशीब." मास्क लावून दोन श्वास घेतले. "तू सांग खरं. पेपरात लिही. तुजं नाव घाल, माजं बी घाल." मी म्हणालो, "नाना, तुम्ही बरे होऊन या, दोघं मिळून लिहू." खोटं बोललेलं त्यांना कधीच चाललं नाही. डोळे मिटून घेतले. मग पुन्हा उघडून विचारलं, "दुकानात कोन हाय?" "बंद ठेवलंय आज." "बंद? आन् लोक समोर जात्याल की रं..." बोलायला श्वास पुरेना तेव्हा त्यांनी बोटाच्या पेरानं खाटेच्या लोखंडी दांडीवर ठोकलं. टक, टक. दोनदा. मला काय सांगताहेत ते कळायला वेळ लागला नाही. मी निघालो, आणि जिना उतरून खाली आल्यावर दवाखान्याच्या फाटकाला धरून रडलो. नंतर चार दिवसांनी सविताचा फोन आला.

नानांनी सांगितलं होतं म्हणून लिहितो. मी, दिलीप, परंड्याच्या स्टँडजवळचा मेडिकलवाला, कित्येक वर्षं लोकांना दोन-दोन गोळ्या कापून देत होतो. विश्वनाथ नाना, निवृत्त कंडक्टर, त्या गोळ्या गाडीत वाटत होते आणि स्वतःही तशाच खात होते. दोघांचा हेतू चांगला होता. जंतूंना हेतू कळत नाही. नानांना ज्या दिवशी हे समजलं त्या दिवसापासून ते थांबले, आणि मोडक्या फुप्फुसांनी तीन वर्षं एका दोरीच्या जोरावर अख्ख्या स्टँडशी भांडले. त्यांना बिचारे म्हणू नका. मला काय म्हणायचं ते म्हणा.

परवाची गोष्ट. सकाळी अकराच्या सुमाराला सुमनकाकू दुकानात आल्या. दिवसकार्यापासूनची धावपळ, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा राबता, त्यात रोज गार पाण्यानं आंघोळ. अंग कणकण करत होतं, नाक गळत होतं, आवाज बसला होता. काउंटरला टेकून म्हणाल्या, "दिलीप, ताप हाय बग अंगात. त्यातल्या दोन गोळ्या दे कापून. तेवढ्यानं उतरंल." दुसऱ्या कुणाला नाही म्हणणं मला आता जमतं. पण काकू... कपाळ मोकळं, पदराच्या टोकाला डोळे पुसून पुसून ओल आलेली. या बाईला कसं नाही म्हणू? नानांच्या कागदावरची आरची ओळ काचेवरून माझ्याकडं बघत होती. माझा हात खाली गेला, कात्रीवर क्षणभर थांबला, मग मी काउंटरच्या बाहेर आलो, बाकाजवळ गेलो आणि सव्वा महिन्यात पहिल्यांदा ती दोरी ओढली. एकदाच.

काकूंनी वर बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, आणि मला वाटलं आता रडतील नाहीतर रागावतील. "मेल्या!" म्हणाल्या. "त्ये गेलं तर तू बसलास व्हय त्येंच्या जागंवर!" आणि खरंच रागावल्या होत्या. मी शटर अर्ध्यावर ओढलं आणि त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. वाटेत त्या माझ्या दोन पावलं पुढंच चालत होत्या. डॉक्टरांनी घसा बघितला, छाती तपासली, छाती जरा जास्तच वेळ तपासली कारण मी नानांचं सांगितलं होतं. सर्दीचा ताप आहे म्हणाले, अँटिबायोटिक नको. तापाची साधी गोळी, गरम पाणी आणि विश्रांती. चार दिवसांत उतरला नाही तर परत दाखवा.

आम्ही परत आलो तर दुकानासमोर तीन माणसं थांबली होती. पुढचा म्हणाला, "कुठं गेला व्हता? कवाचा उभाय. दोन कॅप्सूल दे बरं पटकन." मी शटर वर केलं. काकू आत आल्या, दमल्या होत्या, नानांच्या जागी बाकावर टेकल्या. तापाची गोळी त्यांनी माझ्याकडून पाणी मागून तिथंच घेतली. मग हात वर करून दोरी धरली, जरा तपासली, किती ताणली की वाजते ते. आणि दोनदा ओढली, नानांनी खाटेच्या दांडीवर ठोकलं होतं तशी.

मी त्या माणसाला विचारलं, "चिठ्ठी आणलीय का?"